धाक कुठे संपतो, छळ कुठे सुरू होतो

अधिकाराच्या खुर्चीवर बसलेला माणूस हाताखालच्या माणसाला, किंवा एकत्र आलेले अनेकजण एकट्या पडलेल्याला, पुन्हा पुन्हा अपमानित करतात, कामातून बाजूला सारतात आणि त्याची भाकरी आपल्या हातात असल्याची जाणीव त्याला सतत करून देतात, तेव्हा तो कामाच्या ठिकाणचा छळ होतो. एखाद्या दिवशीचा राग, बैठकीतला कडाक्याचा वाद किंवा खऱ्या चुकीबद्दल मिळालेला मेमो यांना छळ म्हणता येत नाही. स्वीडनमध्ये काम केलेले मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लेमन यांनी 1980 च्या दशकात या प्रकाराचा पद्धतशीर अभ्यास केला. मोजमापासाठी त्यांनी मर्यादा धरली ती आठवड्यातून निदान एकदा आणि निदान सहा महिने अशी. आकड्यांबद्दल मतभेद होऊ शकतात, पण त्यामागची दृष्टी पक्की आहे. छळ एका प्रसंगात सापडत नाही. एकेक प्रसंग सुटा काढून दाखवला की तो क्षुल्लक दिसतो आणि तक्रार करणाराच हळवा ठरतो.

विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी अवघड होतो, कारण विद्येच्या परंपरेत कठोरपणाला मान आहे. गुरूने रागवावे, चूक दाखवावी, शिस्त लावावी, असे अनेक धर्मपरंपरा सांगतात. ‘सरांचा धाक होता म्हणून आम्ही घडलो’ असे कृतज्ञतेने म्हणणारी माणसे मराठवाड्यातल्या प्रत्येक गावात भेटतील, आणि त्यांचे म्हणणे खोटे नसते. मग प्राचार्याने प्राध्यापकाला, विभागप्रमुखाने नव्या सहकाऱ्याला, अधीक्षकाने शिपायाला लावलेला धाक त्याच जातीचा का मानू नये? शासन आणि छळ यांत भेद नेमका कोणता, हा मुळात नीतीचा आणि धर्माचा प्रश्न आहे. कायदा त्यात फार उशिरा आला.

बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षुसंघाच्या नियमांत, या प्रश्नाला थेट उत्तर आहे. एका भिक्षूला दुसऱ्याचा दोष दाखवायचा असेल तर त्याने आधी स्वतःचे आचरण तपासावे आणि मग पाच गोष्टी सांभाळून बोलावे: योग्य वेळी बोलावे, खरे तेच बोलावे, मृदू बोलावे, ऐकणाऱ्याच्या हिताचे बोलावे आणि मनात मैत्री ठेवून बोलावे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे, तिथेही जवळपास हेच निकष येतात, आणि त्यात पहिला मान ऐकणाऱ्याच्या मनात उद्वेग न उपजवणाऱ्या वाणीला आहे. दोन्ही परंपरांनी सत्याला एकटे सोडलेले नाही. ‘मी खोटे काही बोललो नाही’ हा छळ करणाऱ्याचा आवडता बचाव असतो. तो या कसोट्यांपुढे टिकत नाही, कारण खरे बोलणेसुद्धा अवेळी, चारचौघांत आणि दुसऱ्याला खचवण्याच्या हेतूने केले तर ते हिंसाच ठरते.

याहून खोल जाणारा निकष अभयाचा आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची यादी अभयापासून सुरू होते. संन्यास घेणारा सर्व प्राणिमात्रांना अभय देतो, माझ्यापासून कोणालाही भय नसेल असे वचन देतो. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांचे विद्यापीठ 1994 साली स्थापन झाले, आणि त्याला नाव आहे ते संन्यासी असलेल्या एका शिक्षकाचे. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवत होते. पुढे त्यांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले ते निजामी राजवटीच्या भयाविरुद्ध. या नावाखाली चालणाऱ्या संस्थांत माणसाने साहेबाच्या केबिनबाहेर घाम पुसत उभे राहावे, ही विसंगती साधी नाही. शासन आणि छळ यांतली रेषा आवाजाच्या चढ-उतारावरून ओढता येत नाही. खरे शासन माणसाला काही काळ दुखावते, पण शेवटी त्याला आपल्या कामात अधिक निर्भय करून सोडते. छळ त्याचे अभय काढून घेतो आणि ते आपल्या मर्जीवर ठेवतो. ओरडणारा प्राचार्य कधीकधी पहिल्या प्रकारात बसेल, आणि मंद आवाजात हसून बोलणारा दुसऱ्यात.

नांदेडहून नरसीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे नायगाव हे तालुक्याचे ठिकाण. अशा गावांतल्या महाविद्यालयांत एका विषयाला एक किंवा दोन शिक्षक असतात. बदलून जायला दुसरा विभाग नसतो. संस्थाचालक, प्राचार्य, लिपिक आणि शिक्षक एकाच लग्नात पंगतीला भेटतात, आणि नाते, जात, गट, निवडणूक सगळे कॉलेजच्या फाटकातून आत येते. मोठ्या शहरात छळ सोसणारा निदान संध्याकाळी अनोळखी होऊ शकतो, इथे ती सोय नाही. त्यात तासिका तत्त्वावरचा, म्हणजे सीएचबीचा शिक्षक सर्वांत उघडा पडलेला असतो. त्याचे मानधन तासांवर मोजले जाते, नेमणूक दरवर्षी नव्याने होते, आणि पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही हे ज्यांच्या हाती असते त्यांनाच तो रोज नमस्कार करतो. त्याला छळायला कोणी वाईट बोलण्याचीही गरज नसते. ‘बघू पुढच्या वर्षी’ एवढे पुरते.

छळाची खूण म्हणूनच बहुतेक वेळा कागदावर आणि वेळापत्रकात सापडते. पहिला तास सकाळी साडेसातला, दुसरा थेट चारला, मधला दिवस रिकामा, असे वेळापत्रक एकाच माणसाच्या वाट्याला सलग दोन वर्षे येते. इतरांचे मस्टर स्टाफरूममध्ये, त्याचे मात्र साहेबांच्या टेबलावर, आणि दहा मिनिटे उशीर झाला की लाल शाई. रजेचा अर्ज नामंजूर होत नाही, तो नुसता पडून राहतो. पदोन्नतीची, म्हणजे कॅसची फाइल प्रत्येक वेळी एक नवी त्रुटी लावून परत येते. पहिल्या वेळी दाखवायला हवी होती ती त्रुटी तिसऱ्या वेळी दाखवली जाते. पीएच.डी.ला बाहेर नोंदणी करायची तर ना हरकत मिळत नाही. परीक्षेच्या कामात नाव नसते, मूल्यांकनासाठी नॅकची समिती येणार म्हटले की मात्र सगळ्या फाइली त्याच्याच माथी. स्त्री सहकाऱ्याच्या बाबतीत याला टोमण्यांची जोड मिळते: ‘मॅडमना घर बघायचंय, त्यांना कशाला जबाबदारी?’

काही खुणा कागदावरही येत नाहीत. नांदेडहून तालुक्याच्या कॉलेजला जाणारे चारपाच जण मिळून एक गाडी करतात आणि पेट्रोलची काँट्री काढतात. एखाद्या संध्याकाळी त्यातल्या एकाला फोन येतो, ‘सर, उद्यापासून गाडीत जागा नाही हो.’ दुसऱ्या दिवशी तो बसस्टँडवर उभा असतो आणि तीच गाडी त्याच्यासमोरून जाते. कारण कोणी सांगत नाही, विचारले तर हसतात. आठवड्यात स्टाफरूममधला चहा त्याच्यापर्यंत यायचा थांबतो. महिन्याने तो म्हणतो, ‘लई त्रास देऊलालेत,’ आणि ऐकणारा विचारतो, ‘म्हणजे नेमकं काय केलं?’ या प्रश्नाला देण्यासारखे उत्तर त्याच्याजवळ नसते. त्यामुळे तारीख, वार, वेळ, हजर माणसे आणि शब्द लिहून ठेवणे ही छळ ओळखण्याची पहिली पायरी आहे. सहा महिन्यांच्या नोंदी एकत्र वाचल्या की सुट्या गोष्टींतला धागा दिसू लागतो, आणि धागा नसेल तर तेही दिसते. दुसरी शक्यता दुर्लक्षण्यासारखी नाही. कामचुकार माणूस प्रत्येक शिस्तीला छळ म्हणतो, आणि त्याच्यामुळे खऱ्या पीडिताचा आवाज क्षीण होतो.

विद्वान माणसे असे का वागतात, याचे एक उत्तर नांदेडच्याच परंपरेत आहे. यथार्थदीपिका ही गीतेवरची टीका लिहिणारे वामन पंडित सतराव्या शतकातले. परंपरा त्यांचा संबंध नांदेडच्या शेष घराण्याशी जोडते. त्यांची आख्यायिका सांगते की काशीत शिकून आलेले वामन गावोगाव वाद जिंकत आणि हरलेल्या पंडितांकडून जयपत्रे लिहून घेत फिरत होते. एका रात्री झाडाखाली विसावले असता वर बसलेल्या दोन ब्रह्मराक्षसांचे बोलणे त्यांच्या कानावर आले. शेजारची जागा कोणासाठी राखली आहे, असे एकाने विचारले, आणि दुसऱ्याने वामन पंडिताचे नाव घेतले. ब्रह्मराक्षस म्हणजे विद्या असून अहंकाराने गती हुकलेला विद्वान. आख्यायिकेने दोष विद्येला दिलेला नाही, वाद घालण्यालाही नाही. दोष दिला आहे तो हरलेल्याला मान खाली घालायला लावून तिचा कागद करून घेण्याला. आजच्या विद्यापीठात ज्ञान हीच प्रतिष्ठा आणि प्रतिष्ठा हीच सत्ता असते, म्हणून दुसऱ्याचे कमी असणे सिद्ध करत राहण्याची ओढ इथे कारखान्यापेक्षाही तीव्र असते. शोधनिबंध, प्रकल्प, मार्गदर्शकपद यांची मोजदाद सतत चालू असते आणि तुलनेचा हा विस्तव कधी विझत नाही.

पण सगळाच छळ अहंकाराने समजावून सांगता येत नाही. त्याला समाजाने बनवलेली जातीची वाटही मिळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा कचेरीतले कर्मचारी त्यांच्या टेबलावर फाइली लांबून टाकत. 1918 साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तर तिथल्या काही सहकारी प्राध्यापकांनी त्यांनी स्टाफच्या भांड्यातले पाणी पिण्याला हरकत घेतली. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला अर्थशास्त्राचा प्राध्यापक आणि त्याच्याशी पाण्याच्या भांड्यावरून वागणारे उच्चशिक्षित: शिक्षणाने माणूस आपोआप सुसंस्कृत होतो, या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर नसेल. आज भांडे क्वचित वेगळे असते, पण ‘कोट्यातून आलेले’ अशी कुजबुज, मुलाखतीतले चेहरे, आडनाव ऐकून बदललेला सूर हे सगळे त्याच वाटेने येते. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा जातीवरून केलेला सार्वजनिक अपमान 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, आणि तसे असेल तिथे त्याला ‘स्टाफमधला वाद’ म्हणून मिटवणे हा दुसरा अन्याय आहे.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या छळाकडे तर छळ म्हणून पाहिलेच जात नाही. प्रयोगशाळा परिचराला घरची कामे सांगणे, शिपायाला नावाने न बोलावता ‘ए’ म्हणणे, कनिष्ठ लिपिकाला सगळ्यांसमोर फाइल फेकून मारणे हे अनेक ठिकाणी रोजचे आहे. नांदेड-लातूर भागात लिंगायत समाज मोठा आहे, आणि बसवेश्वरांचे कल्याण, आजचे बसवकल्याण, इथून फार दूर नाही. बाराव्या शतकातल्या शरण परंपरेने कायक म्हणजे श्रम हीच पूजा मानली. परंपरेनुसार अनुभवमंटपात चांभार, कोळी, परीट आणि मंत्री एकत्र बसून बोलत. कोणताही कायक हलका नसेल तर कोणत्याही कायक करणाऱ्याला हलके बोलता येणार नाही, हे त्यातून सरळ निघते. घंटा वाजवणाऱ्याच्या वेळेवर सगळे विद्यापीठ चालते, आणि त्याच्या पगारबिलाची रक्कम हा त्याच्या मानाचा मापदंड होऊ शकत नाही.

याच ठिकाणी धर्माच्या नावाने दिल्या जाणाऱ्या एका सल्ल्याचा विचार करावा लागतो. छळ सोसणाऱ्याला लोक सांगतात, सोस, प्रारब्ध आहे, देव बघून घेईल. पैठणच्या एकनाथांची गोष्ट पुढे केली जाते: गोदावरीत स्नान करून येताना एकजण त्यांच्यावर पुन्हा पुन्हा थुंकला आणि नाथ दर वेळी शांतपणे परत जाऊन स्नान करून आले. ही गोष्ट मोठी आहे, पण ती कोण कोणाला सांगतो याला महत्त्व आहे. नाथांची शांती त्यांनी स्वतः निवडलेली होती. त्यांची भाकरी थुंकणाऱ्याच्या हाती नव्हती, आणि घाटावर उभ्या असलेल्या कोणी त्यांना गप्प बसवले नव्हते. भीतीपोटी गिळलेला अपमान म्हणजे क्षमा नव्हे. क्षमेचा उपदेश छळ करणाऱ्याने किंवा पाहत बसलेल्याने करणे हा तर धर्माचा गैरवापरच झाला. कर्मसिद्धान्तही इथे उपयोगी पडत नाही. छळ सोसणाऱ्याच्या पूर्वकर्माचा हिशेब कोणालाच मांडता येत नाही, छळणाऱ्याचे कर्म मात्र या क्षणी, सगळ्यांच्या देखत घडत असते.

पाहत बसलेल्यांचा प्रश्न म्हणजे सभेचा प्रश्न. विद्वानांच्या सभा एका माणसाविरुद्ध कशा एकजीव होतात, हे मराठवाड्याने पूर्वीच पाहिले आहे. संन्याशाची मुले म्हणून ज्ञानदेवादी भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागले, अशी वारकरी परंपरेची कथा आहे. त्या सभेत प्रत्येकजण दुष्ट असेल असे मानण्याचे कारण नाही. बहुतेकांनी एवढेच केले असणार की पुढच्याने मान हलवली, मग आपणही हलवली. स्टाफरूममध्ये छळ टिकतो तो अशाच मानांवर. छळणारा एक असतो, हसणारे तीन, आणि मोबाइलमध्ये डोके घालून बसणारे दहा. त्या दहांपैकी दोघांनी ‘सर, हे बरोबर नाही’ एवढे शांतपणे म्हटले तरी पुष्कळ प्रकरणे तिथेच थांबतात, कारण छळाला एकटा माणूस लागतो आणि दोघे उभे राहिले की तो एकटा उरत नाही.

प्रतिबंधाच्या बाबतीत कायद्याची स्थिती अशी आहे. विद्यार्थ्यांवरील रॅगिंगसाठी महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा 1999 चा आहे. स्त्रियांच्या लैंगिक छळासाठी 2013 चा केंद्रीय कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक करतो, आणि उच्च शिक्षणासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2015 चे विनियम आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 मध्ये कर्मचाऱ्यांसाठी तक्रार निवारणाची आणि न्यायाधिकरणाची तरतूद आहे. मात्र न्यायाधिकरणाचे दार प्रामुख्याने बडतर्फी, पदावनती अशा झालेल्या कारवाईविरुद्ध उघडते. लैंगिक नसलेल्या, जातीवाचक शब्द न वापरता केलेल्या रोजच्या छळासाठी देशात स्वतंत्र कायदा नाही. फ्रान्सने 2002 साली अशा मानसिक छळाला कायद्यात गुन्हा ठरवले, आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2019 मध्ये कामाच्या जगातील हिंसा आणि छळ यांवर 190 क्रमांकाचा करार संमत केला. हे चित्र बदलेपर्यंत संस्थांना आपले नियम आपणच करावे लागतील.

त्यासाठी जुन्या परंपरांतून तीन प्रथा सरळ उचलता येतात. विनयात वाद मिटवण्याचे सात मार्ग आहेत, त्यांतला पहिला सम्मुखाविनय: दोन्ही बाजू समोर असल्याशिवाय निर्णय नाही. बंद केबिनमध्ये, गोपनीय अहवालाच्या शेऱ्यात, संबंधिताला न ऐकता ठरलेली गोष्ट या नियमाने मुळातच अवैध ठरते. दुसरी प्रथा पवारणेची. वर्षावास संपताना प्रत्येक भिक्षू संघाला विनंती करतो की माझे काही चुकलेले कोणी पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली असेल तर सांगा. सुरुवात ज्येष्ठापासून होते. वर्षातून एकदा, बाहेरच्या व्यक्तीच्या उपस्थितीत, प्राचार्याने आणि विभागप्रमुखांनी प्रथम अशी विचारणा केली, आणि नावाशिवाय लेखी उत्तराची सोय ठेवली, तर वर्षभर साचणारे पुष्कळ विष वेळीच बाहेर येईल.

तिसरी प्रथा नांदेडच्या सर्वांत मोठ्या तीर्थाशी जोडलेली आहे. गुरू गोविंदसिंगांनी 1699 च्या वैशाखीला आनंदपूर इथे पंजप्याऱ्यांना अमृत दिले आणि मग त्याच पाचांपुढे हात जोडून स्वतः अमृत मागून घेतले. 1708 साली नांदेडला देह ठेवण्यापूर्वी त्यांनी गुरुगादी कोणा व्यक्तीकडे न देता ग्रंथसाहिबाकडे सोपवली. आपल्याच शिष्यांपुढे नतमस्तक होणारा अधिकार, आणि व्यक्तीपेक्षा वर ठेवलेला लिखित शब्द, या दोन्ही गोष्टी संस्थेत आणता येतात. तासांचे वाटप, परीक्षेची कामे, रजा, फाइलवरील त्रुटी दाखवण्याची मुदत हे सगळे लेखी नियमाने आणि फलकावर लावून होत असेल, तर मर्जीला जागाच कमी उरते. तक्रार समितीत प्राचार्याच्या हाताखालचे लोकच नसावेत, शिक्षकेतर आणि सीएचबी कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी असावा, आणि तक्रार चालू असताना तक्रारदाराची नेमणूक किंवा तास तोडता येऊ नयेत.

उरतो प्रश्न छळ सिद्ध झाल्यानंतरचा, कारण तालुक्याच्या कॉलेजात त्याच माणसांना निवृत्तीपर्यंत एकत्र दिवस काढायचे असतात. कोसंबीच्या भिक्षूंचे प्रकरण इथे उपयोगी आहे. अट्ठकथेनुसार, म्हणजे पाली टीकेनुसार, सुरुवात क्षुल्लक होती. एका धर्मप्रवचनकाराने शौचालयाच्या भांड्यात पाणी उरवून ठेवले, आणि एका विनयतज्ज्ञाने त्याचा दोष काढला. दोघांचे शिष्य भांडले, एकाला संघातून निलंबित केले गेले आणि संघ दुभंगला. बुद्धांनी दोन्ही बाजूंना समजावले, कोणी ऐकले नाही, तेव्हा ते पारिलेय्यक वनात निघून गेले. कोसंबीच्या उपासकांनी भिक्षा बंद केली तेव्हा भिक्षू वरमले आणि श्रावस्तीला आले. तिथे बुद्धांनी आपले शिष्य सारिपुत्त यांना सांगितले की दोन्ही गटांना निवासाची जागा वेगवेगळी द्यावी, पण अन्नवस्त्र आणि इतर वाटप सगळ्यांना सारखेच करावे. मग निलंबित भिक्षूने आपला दोष पाहिला आणि कबूल केला, त्याची बाजू घेणाऱ्या भिक्षूंनी त्याला परत घेऊन, ज्यांनी त्याला काढले होते त्यांच्यापुढे समेटाचा प्रस्ताव ठेवला, आणि संपूर्ण संघ एकत्र जमवून, आजारी भिक्षूंनाही वगळू न देता, समेटाची घोषणा झाली.